बक्षीस मिळालेली हिरवळ

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले मोठे साहेब, ज्यांच्या हातून आज जलाशयावर नौकाविहार सुरू व्हायचा आहे ते सन्माननीय प्रमुख पाहुणे, पाहुण्यांच्या पत्नी, कार्यालयातली सगळी मंडळी, त्यांची घरची माणसं, आणि मागं उभे असलेले, ज्यांना खुर्ची मिळाली नाही तेही. यातून कुणी सुटलं असेल तर त्यानं मी त्याच्याकडे बघितलं असं समजून घ्यावं.

भाषणाआधी एक सूचना. टेबलावर फुलदाणीच्या शेजारी चार बाटल्या ठेवल्यात त्या पिण्याच्या नाहीत. पाहुण्यांनी आत्ता एक हातात घेतली म्हणून सांगतो. ठेवा खाली. त्यांच्याबद्दल बोलायचंच आहे.

मला पाच मिनिटं दिलीत. माझ्याआधी सहा जण बोलले, त्यांनाही पाच-पाच मिनिटंच होती म्हणे. त्यामुळे माझी पाच मिनिटं कशी मोजायची ते मला कळलं. निरोपाच्या वेळी बोलणाऱ्याचा गळा दाटून यावा लागतो, कागद थरथरावा लागतो. माझ्याकडे कागद नाही. सातवीत शाळा सुटली, तेव्हापासून कागदाचं आणि माझं फारसं जमलेलं नाही. आणि गळ्याचं म्हणाल तर मला आज सवड नाही.

माझ्याबद्दल आज फार चांगलं ऐकलं. तेहतीस वर्षांत एक तक्रार नाही, असं हिशेबनीस म्हणाले. खरं आहे. पण तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक आहे की तक्रार लिहायला रकाना नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. दुसरे म्हणाले, धरण पंचावन्न वर्षांचं, काका साठीचे, दोघंही कसे खणखणीत. भाऊ, माझ्या दोन्ही गुडघ्यांचा एक्स-रे घरी आहे. येऊन बघा. धरणाचा एक्स-रे मात्र कुणी काढलेला नाही, त्यामुळे त्याची तब्येत माझ्यापेक्षा बरी दिसते.

आता पाहुणे बाहेरचे आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. आपलं धरण लहान. मातीचं. उंची पाच माणसं एकावर एक उभी केली तर जेवढी होईल त्याहून थोडी जास्त, लांबी माझ्या पावलांनी आठशे सत्तर. हा हॉल त्याच्या पायथ्याशी आहे आणि खिडकीतून जी हिरवीगार बाग दिसते तीही पायथ्याशीच. बागेच्या खाली ओढा आणि ओढ्याकाठी चाळीस घरांची वस्ती. त्यातलं पहिलं घर माझ्या धाकट्या बहिणीचं. तिचं सासर. म्हणजे आपण इथं बसलोय, आपल्या पाठीमागं एवढं पाणी आहे आणि मधे आहे ती माती. एवढं ध्यानात ठेवा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

ती माती माझ्या वडिलांनी वाहिलेली. मी चार-पाच वर्षांचा असेन. या खोऱ्यातली सगळी माती तांबडी. पण भरावाच्या पोटात, अगदी मध्यभागी, काळी चिकण माती घालतात. तिच्यातून पाणी सहजासहजी जात नाही. तिला गाभा म्हणतात. ही काळी माती इथं मिळत नव्हती. खोऱ्यापलीकडून गाड्या भरून आणली. आई सांगायची, त्या दोन वर्षांत तुझे वडील घरी आले की वरून तांबडे नि कोपरापासून काळे असायचे. आमच्या मोरीला त्या काळ्याचा डाग कितीतरी दिवस होता. तेव्हापासून मी ती माती ओळखतो. ती दोन बोटांत चोळली की साबणासारखी सरकते.

धरण झाल्यावर वडीलच इथले पहिले चौकीदार. त्यांच्यानंतर मी. काम काय? रोज सकाळी वरून चालत जायचं, खालून चालत यायचं. घुशींची बिळं बुजवायची, भरावावर झुडूप उगवलं तर लहान असतानाच उपटायचं. पायथ्याशी एक लोखंडी पट्टी आहे, तिला त्रिकोणी खाच. पाझरून आलेलं पाणी त्या खाचेतून किती उंचीनं वाहतं ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. मातीच्या धरणातून थोडं पाणी पाझरतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. वडिलांनी मला एकच गोष्ट नीट शिकवली. म्हणाले, पाणी येतं याची काळजी करू नकोस, येताना ते काय घेऊन येतं ते बघ. म्हणून दर सोमवारी पाझराची एक बाटली भरायची आणि चौकीच्या खिडकीत ठेवायची. पुढच्या सोमवारी तळ बघायचा, ओतून द्यायची, नवी भरायची. तेहतीस वर्षांत किती सोमवार झाले ते हिशेबनिसांनी काढावं. सगळ्या सोमवारी तळ स्वच्छ. लोक म्हणायचे, काकांना बाटलीचा नाद आहे. अर्थ वेगळा निघायचा, पण मी तो निघू दिला.

असो. आता बागेकडे येतो. कारण आज माझ्यापेक्षा बागेचं कौतुक जास्त झालं, आणि ते योग्यच आहे. तिला बक्षीस मिळालंय. मला घड्याळ मिळालंय.

दहा वर्षांपूर्वी पायथ्याच्या एका तुकड्यावर गवत फार जोरात यायला लागलं. खाचेपासून चाळीस पावलं लांब. उन्हाळ्यात सगळा परिसर करपून जायचा आणि हा तुकडा तेवढा ताजा. मी वहीत लिहायला गेलो. वहीत रकाने होते: खाचेतली उंची, हवामान, शेरा. ओलीचा रकाना नव्हता. मी शेऱ्यात लिहिलं, ‘खाली गवत हिरवे’. वही वर गेली. वर कुणाला तरी ते आवडलं. तेव्हा सुंदर परिसराची स्पर्धा नुकतीच सुरू झाली होती. आठ दिवसांत तिथं विटांची कड आली, बाकं आली, आणि एक माळीही आला.

मी तेव्हा ओरडायला हवं होतं. नाही ओरडलो. उलट फुलांचे चार वाफे मीच घातले. बक्षिसाच्या ढालीबरोबर फोटो काढला त्यात मी डावीकडून तिसरा आहे, आणि चांगला हसतोय. साहेबांना काही बोलण्याआधी एवढं माझ्या पदरात घातलेलं बरं.

पुढं त्याच तुकड्यात एके ठिकाणी जमिनीतून बोटाएवढं पाणी वर यायला लागलं. कार्यालयाला आनंद झाला. भोवती दगडी कुंड बांधलं आणि ‘निसर्गाचा झरा’ अशी पाटी लावली. जोडपी तिथं बसून फोटो काढतात. आज सकाळी पाहुण्यांनीही काढला. फोटो चांगला आला असेल, पण साहेब, तो झरा निसर्गाचा नाही. त्याच्या मागं जलाशय आहे.

आमचा माळी समोरच बसलाय. चांगला माणूस. तीन वेळा त्याचा उत्कृष्ट माळी म्हणून सत्कार झाला. तिसऱ्या सत्काराला त्यानं माईकवर सरळ सांगितलं की दहा वर्षांत मी या बागेला एकदाही पाणी घातलेलं नाही, नळी अजून गुंडाळलेली आहे. सगळा हॉल हसला. साहेब म्हणाले, बघा, किती विनम्र. मीही हसलो. माझ्या बायकोनं घरी आल्यावर विचारलं, मग घालतं कोण? मी म्हणालो, तू झोप.

एक माणूस हसला नाही, ते मला सांगायलाच हवं. आपल्या धाकट्या इंजिनियरबाई. गेल्या वर्षी त्या नव्या आल्या, बागेत उभ्या राहिल्या आणि विचारलं, की काका, हिरवं इथंच का? तेहतीस वर्षांत मला कुणी विचारलेला हा पहिला नीट प्रश्न. मी म्हणालो, वर लिहा. त्यांनी लिहिलं. वरून त्यांना उत्तर आलं की आपली आवड लक्षात घेऊन स्मरणिकेसाठी बागेवर लेख द्यावा. लेख छापलाय. तुमच्या हातात जी स्मरणिका आहे तिच्या बाराव्या पानावर. त्यातला शेवटचा परिच्छेद जागेअभावी गाळला, एवढं फक्त सांगतो.

आता बाटल्या. डावीकडून पहिली बाटली चार आठवड्यांपूर्वीची. चारही खाचेतल्या नाहीत, कुंडातल्या. स्वच्छ आहे. दुसरी किंचित धुरकट. तिसरीच्या तळाशी नखाएवढा थर. चौथी या सोमवारची. तिच्या तळाशी बोटभर. पाहुणे, आता उचलून बघितलीत तरी चालेल. हलवू नका फक्त.

तिसरी बाटली भरली त्या दिवशी सफाईच्या मावशींनी मला कुंडापाशी बोलावलं. त्यांच्या हातात खराटा. समारंभासाठी कुंड रोज घासायचा हुकूम होता त्यांना. त्या म्हणाल्या, “काका, तळाशी वारुळासारखा ढीग होतो. रोज काढते, रोज येतो. हे पाणी माती आणतंय तरी कुठून?”

मी खाली बसलो. या गुडघ्यांनी खाली बसणं म्हणजे काय ते गुडघेवाल्यांना कळेल. ढीग छोटा होता, मधे भोक, भोकातून पाणी. चिमूटभर माती उचलली. या खोऱ्यात माती तांबडी आहे हे मी मघाशी सांगितलं. ही काळी होती. चोळली, साबणासारखी सरकली.

म्हणजे आम्ही काय करत होतो बघा. धरणाच्या पोटातली माती रोज थोडी थोडी बाहेर येत होती, आणि पाहुणे येणार म्हणून आम्ही ती रोज सकाळी झाडून टाकत होतो. किती आली विचाराल तर मला सांगता येत नाही. कुंड फार स्वच्छ होतं. मावशींना बोल लावायचा नाही. त्यांना हुकूम होता, आणि विचारलं तेही त्यांनीच.

मी साहेबांकडे गेलो. साहेब वाईट माणूस नाहीत, हे मी त्यांच्या तोंडावर सांगतो. कामात असतात. त्या दिवशी ते नौकाविहाराच्या पायऱ्यांना कुठला रंग द्यायचा ते बघत होते. मी म्हणालो, पाणी उतरवायला लागेल. ते म्हणाले, उद्घाटनाला जलाशय काठोकाठ भरलेला पाहिजे, नाव काय चिखलात चालवायची? आणि खाचेवर बसवलेली पाझर मोजायची नवी पेटी तर सांगतेय की पाझर स्थिर आहे.

ही पेटी कोण, तर माझ्या जागी येणारी. माझ्या जागी माणूस येत नाहीये. पेटी चांगली आहे, तिला चहा लागत नाही, गुडघे नाहीत. खोटंही बोलत नाही. जिथं बसवलीय तिथलं सांगते. पाणी चाळीस पावलांवर जमिनीतून वर येतंय, ते तिला दिसायचं कारण नाही. मीही दहा वर्षं खाचेपाशीच बसून होतो, त्यामुळे पेटीला मी काय बोलणार?

मी पुन्हा म्हणालो, काळी माती येतेय साहेब. तेव्हा ते जे बोलले ते मला जसंच्या तसं आठवतं. म्हणाले, “चौकीदार, पंचावन्न वर्षं टिकलंय ना? मग शुक्रवारपर्यंत टिकेल.”

आज शुक्रवार आहे. साहेबांचं म्हणणं खरं ठरलं, त्याबद्दल त्यांचं अभिनंदन. शनिवारबद्दल मात्र अजून कुणी काही बोललेलं नाही.

मग मी लेखी दिलं. धाकट्या बाईंनी मजकूर नीट करून दिला, मी सही केली. तो कागद पाच टेबलं फिरला. प्रत्येक टेबलानं आपली ओळ लिहिली. काल तो परत आला. शेवटची ओळ अशी होती, की संबंधित चौकीदाराने स्थळपाहणी करून एका महिन्यात अहवाल सादर करावा. संबंधित चौकीदार म्हणजे मी. माझ्याकडे एक दिवस होता.

काल दुपारी चौकीतलं सामान आवरायला घेतलं. सामान म्हणजे काय, एक किटली, दोन पेले आणि भिंतीवरची बक्षिसाची तसबीर. ती कार्यालयाला परत करायची होती. खिळ्यावरून काढली तर मागं वडिलांच्या हातची पाटी. काळ्या फळीवर पांढऱ्या रंगानं लिहिलेली. ती तिथं आहे हे मला ठाऊक होतं. दहा वर्षं मी रोज त्या भिंतीकडे बघत होतो, आणि मला बक्षीस दिसत होतं. पाटीवर तेव्हाच्या नियमपुस्तकातला एक नियम आहे. वडिलांनी तो आपल्या अक्षरात उतरवून घेतलेला. पाझर गढूळ आल्यास चौकीदाराने परवानगीची वाट न पाहता झडप उघडावी, नंतर कळवावे.

तर साहेब, मी नंतर कळवतोय.

आज सकाळी सहा वाजता मी जलाशय उतरवायची झडप उघडली. बावीस फेऱ्यांपैकी सहा फेरे. तिचा दांडा मी दर महिन्याला ग्रीस लावून फिरवत आलोय, त्यामुळे कुरकुर न करता फिरला. मघापासून तुम्हाला खिडकीतून जो आवाज येतोय तो पंख्याचा नाही. दुसरं भाषण चाललं होतं तेव्हा साहेबांनी पंखा बंद करायला लावला, तरी आवाज राहिला. ते पाणी ओढ्यात जातंय. ओढ्याला ते झेपतं, काठाखाली राहतं.

त्याआधी बहिणीला फोन केला होता. म्हणालो, पाणी सोडतोय, वस्तीत घरोघर सांग, लेकरं-म्हातारी आणि जनावरं वरच्या अंगाला ने. ती म्हणाली, दादा, आज तुझा सत्कार आहे, तुला आजच सुचलं? मी म्हणालो, उद्या मला अधिकार नसेल. ती आज इथं आली नाही, याचं वाईट वाटून घेऊ नये. ती ओढ्यात खुंटी ठोकून काठावर बसलीय, पाणी किती चढतं ते बघत. वस्तीतली माणसं दहाच्या आत टेकडीवर गेली. तिनं हाकललं म्हणायचं.

सात वाजता धाकट्या बाई आल्या. धावत. मला वाटलं, आता झडप बंद करायला सांगणार. वरून फोन गेला असेल. त्यांनी फक्त विचारलं, “काका, किती फेरे?”

“सहा.”

“दिवसाला किती उतरेल?”

“हातभर. त्याहून घाई केली तर आतल्या बाजूचा चढ घसरेल.”

त्या कुंडापाशी गेल्या. आज मावशींनी कुंड घासलं नव्हतं, मीच नको म्हणालो होतो. ढीग होता तसा होता. बाईंनी हात घातला, माती बोटांत चोळली, ओढणीला पुसली. मग वही मागितली. माझ्या नोंदीखाली वेळ लिहिली आणि सही केली. मी म्हणालो, बाई, माझी नोकरी पाच वाजता संपतेय, तुमची तीस वर्षं शिल्लक आहेत. त्या म्हणाल्या, “म्हणून तर सही करते, काका.”

साहेब, तुमच्या पुढ्यातला तो चौथा कागद, जो तुम्ही स्वागताच्या कार्यक्रमपत्रिकेखाली ठेवलाय, तो या नोंदीची प्रत आहे. दोन्ही सह्या आहेत. शिक्षा करायची तर पहिली सही माझी आहे, क्रमानं घ्या.

आता पुढं काय? आठ-नऊ दिवसांत पाणी निम्म्यावर येईल. मग कुंड फोडायचं. तिथं धुतलेली वाळू, तिच्यावर खडी, तिच्यावर दगड, असा थर द्यायचा, म्हणजे पाणी येईल पण माती यायची थांबेल. गाभ्याला कुठं भोक पडलंय ते शोधायला शिकलेली माणसं आणा. ते माझं काम नाही, मी सातवी. बाग जाईल. बक्षीस परत मागितलं तर तसबीर पुसून ठेवलीय. नौकाविहाराच्या पायऱ्या आज चार-पाच बोटं पाण्याबाहेर आल्यात, उद्यापर्यंत आणखी येतील. पाहुण्यांना उद्घाटन करायचंच असेल तर पायऱ्यांचं करावं. रंग चांगला लागलाय.

शेवटचं. झडपेची किल्ली. रीतीप्रमाणं ती मी साहेबांच्या हाती द्यायची आणि त्यांनी ती खुंटीवर लावायची. माझा ताबा पाचपर्यंत आहे, तोवर कुणाच्या हाती द्यायची ते मी ठरवतो. बाई, पुढं या. टाळ्या नकोत, वेळ जातो. ही किल्ली. दर तासाला कुंड बघायचं, पाणी आणखी गढूळ झालं तर माझ्या घरी यायचं. दार ठोठावू नका, ढकललं की उघडतं. आणि मंडळी, हे घड्याळ तुम्ही मला दिलंत, फार आभारी आहे. बाई, ते चौकीत लावायला घेऊन जा. त्या खिळ्याशेजारी लावा, पाटीवर नाही.

तर अध्यक्ष महोदय, पाहुणे, मंडळी, तुम्ही एवढा वेळ ऐकून घेतलंत, हे तुमचे उपकार. मी शिकलेला नाही. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाला लागलं असेल, तर पोटात घाला आणि म्हाताऱ्याला माफ करा. कार्यक्रमपत्रिकेत चहा बागेत लिहिलाय, तो मी आणि मावशींनी सकाळीच हलवला. तो टेकडीवरच्या शाळेत आहे. वस्तीतली माणसंही तिथंच आहेत, पेले पुरतील. जाताना बागेतून जाऊ नका, वरच्या रस्त्यानं जा. आणि आता बसून राहू नका. उठा.